भिंतीला सोडलेले दाते

आमच्या मुरबाडकडे विटांचं घर बांधताना एक पद्धत आहे. ज्याला एकापेक्षा जास्त मुलं आहेत, तो घराची शेवटची भिंत सपाट संपवत नाही. गवंडी एक थर सोडून एक अशा प्रत्येक थरात अर्धी वीट भिंतीच्या बाहेर काढून ठेवतो. त्याला आम्ही दाते म्हणतो. पुढेमागे कोणाला खोली वाढवायची झाली, की नव्या भिंतीच्या विटा त्या दात्यांत गुंततात आणि जुनं-नवं काम एक होतं. गवंडी याला बाँड म्हणतात. दाते नसतील तर नवी भिंत जुनीला नुसती टेकून उभी राहते आणि एकदोन पावसाळ्यांत मधे फट पडते. शहरातले पाहुणे हमखास विचारतात, काम अर्धवट का ठेवलंय? अर्धवट नाही हो, मुद्दाम सोडलंय.

वैशाखऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरून जरा आत वळलं की आमचं गाव. बाबांनी वाशिंदच्या कारखान्यात नोकरी करून हे घर बांधलं आणि पूर्वेच्या भिंतीला दाते सोडले. आम्ही तीन भावंडं. दादा थोरला, मग ताई, मग मी. बाबा गवंड्याला म्हणाले होते, "पोरींची लग्ना होतील, पन कोनाला परत यावा लागला तर जागा असू दे." मी तेव्हा लहान होते, पण हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. दादा तर माझ्याहून मोठा, त्यानेही ऐकलंय. म्हणूनच पुढे जे झालं त्याचा मला आजही संताप येतो. न कळून झालं असतं तर सोडून दिलं असतं.

त्या दात्यांवर आम्ही काय काय अडकवलं! कोयते, दुधाची किटली, मिरच्या वाळवायचं सूप. बाबा पावसाळ्यानंतर त्यांच्यावरचं शेवाळ खराट्याने घासून काढायचे. कधीतरी लागतील, एवढंच म्हणायचे.

लागले ते ताईला. ताईचं सासर उंबरमाळीच्या बाजूला. मूलबाळ नाही. नवरा गेल्यावर तिच्या दिराजावांनी तिला रीतसर हाकललं नाही, पण घरात ती दिसतच नाही असं वागायला लागले. शेवटी एक ट्रंक आणि शिलाई मशीन टेम्पोत टाकून ती माहेरी आली. तोवर आईबाबा दोघंही राहिले नव्हते. दादाने तिला ठेवून घेतलं, हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण ठेवलं कुठे, तर पडवीत. पाऊस तिरका आला की ती आधी मशीनवर प्लास्टिक टाकायची, मग स्वतःच्या अंथरुणावर. गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवून ती आपला खर्च आपण भागवत होती. तिला एकच खोली हवी होती. पूर्वेच्या भिंतीला लागून, दात्यांना जोडून. मशीन, खाट आणि दाराला आतून कडी. विटांपुरतं तिने साठवलंही होतं.

दादा म्हणाला, बांध की, तुझंच घर आहे. फक्त त्याआधी तुम्ही दोघी हक्कसोड करून द्या.

ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. बापाच्या जमिनीत आणि घरात मुलीचाही वाटा असतो. तो आपण भावाला सोडून दिला, असं मुलीने सरकारी कचेरीत जाऊन लिहून द्यायचं, म्हणजे हक्कसोड. आमच्याकडे बहुतेक बहिणी ती देतात. वर हसून देतात, कारण न देणाऱ्या बहिणीचं माहेर तुटतं अशी सगळ्यांची खात्री असते. बदल्यात एक साडी मिळते. ताईची तयारी होती. तिला जमीन नकोच होती, खोली हवी होती. मी दादाला म्हटलं, मग त्याच कागदात खोलीची जागा ताईची, असंही लिही. तो दुखावला. मला म्हणाला, "भाऊ-बहिनीत कागद कशाला गो? माझा शब्द हाय ना."

हा माणूस काय बोलत होता, ते त्याचं त्याला तरी कळत होतं का? रस्त्यात गेलेल्या जमिनीच्या एका तुकड्याचा मोबदला आला, तेव्हा याने तो सरकारी रोख्यांत गुंतवला. बाँड, बाँड म्हणून महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. किती वर्षं मोडता येत नाही, हमी कोणाची, वारस कोण, हे सगळं छापील मिळालं तेव्हा त्याला झोप लागली. म्हणजे सरकारचा शब्द याला तोंडी चालत नाही. बहिणीचाही तोंडी चालत नाही, तिने कचेरीत जाऊन अंगठा द्यायला हवा. तोंडी चालतो तो फक्त याचा स्वतःचा, आणि तोही दुसऱ्यांना चालायला हवा. हे मी त्याला फोनवर सुनावलं. त्यावर वहिनी मागून म्हणाली की शिकलेल्या नणंदा घरं फोडतात.

मी शहापूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. त्याच आठवड्यात वर्गात रासायनिक बंध चालू होते. सोडिअम आपल्या बाहेरच्या कक्षेतला इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, क्लोरीन तो घेतो आणि दोघांत बंध तयार होतो. दुसऱ्या प्रकारात दोघेही आपापला एकेक मधे ठेवतात आणि ते दोघांचे असतात. हे मी दरवर्षी शिकवते, झोपेतही शिकवू शकेन. त्या दिवशी एका मुलीने विचारलं, "मॅडम, देऊन सोडिअमला काय मिळतं?" स्थैर्य मिळतं, मी पुस्तकातलं उत्तर दिलं, आणि माझा आवाज इतका चढला की मागच्या बाकावरची मुलं सरळ बसली. बिचारीचा काही दोष नव्हता.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी किन्हवलीमार्गे गावी गेले. सोमवारी मुरबाडला हक्कसोडीची नोंदणी दादाने ठरवली होती. सही करायची नाही असं मी ठरवलंच होतं, ताईलाही समजवायचं होतं. अंगणात शिरले तर पूर्वेच्या बाजूला परांची बांधलेली. एक माणूस छिन्नी-हातोडा घेऊन शेवटचे दाते उडवत होता. खाली अर्ध्या विटांचा ढीग पडला होता. भिंत सपाट झाली होती आणि एका टोकाकडून गिलावा सुरूही झाला होता.

दादा खुर्ची टाकून बसला होता. पुढच्या महिन्यात मुलीचा साखरपुडा, पाहुणे येणार, ती भिंत वाईट दिसते, गिलाव्यावाला आत्ताच मोकळा होता. सगळी कारणं तयार. मी म्हटलं, आणि ताईची खोली? तो म्हणाला की आजकाल केमिकल मिळतं, भोकं पाडून सळ्या घालायच्या, केमिकल भरायचं, कुठेही काहीही चिकटतं. खोली म्हणजे काय कान तुटलेला कप आहे? मी तसं म्हटलंही. मग त्याने खरं काय ते सांगितलं. साखरपुड्याला पडवी लागणार, तेव्हा ताईचं मशीन आणि अंथरूण गोठ्यात हलवायचं, खोलीचं पुढच्या वर्षी बघू.

दोन दिवस धीर धरला असता तर त्याला सगळं मिळालं असतं. पण सहीची त्याला इतकी खात्री होती, की सोमवारपर्यंत थांबावं असंही वाटलं नाही. भिंतीमागे बसून ताई ब्लाउजला हुक लावत होती. हातोड्याचा प्रत्येक घाव तिला ऐकू येत होता. मी तिला म्हटलं, आता तरी सही करू नकोस. तिने दोरा दातांनी तोडला आणि सोमवारी माझ्याबरोबर चल, एवढंच म्हणाली. मला तिचाही राग आला. बाई, तुझ्या डोळ्यांदेखत तोडलं ना!

सोमवारी मुरबाडच्या कचेरीत आम्ही बाकड्यावर ओळीने बसलो. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. ओळख पटवायला त्याने गावातले दोघे आणले होते, त्यांना बाहेर वडापाव दिला होता. आम्हा दोघींसाठी सारख्याच रंगाच्या साड्या पिशवीत होत्या. मी मनात भाषण जुळवत होते, कायद्याचं, बाबांच्या शब्दाचं, गोठ्याचं. त्यातलं एकही वाक्य बोलायची वेळ आली नाही.

सह्या नोंदणी करणाऱ्या साहेबांसमोर करायच्या होत्या. आमच्या आधी दोन बहिणी आत होत्या. त्यांना साहेबांनी मान वर न करता विचारलं, राजीखुशीने करून देताय ना? त्या हो म्हणाल्या आणि अंगठा लावून, फोटो काढून बाहेरही आल्या. मग आमचं नाव पुकारलं. मोठी म्हणून ताई आधी खुर्चीवर बसली. साहेबांनी कागद तिच्याकडे सरकवले आणि त्याच आवाजात तेच विचारलं.

ताई म्हणाली, "नाय."

साहेबांनी पहिल्यांदा वर पाहिलं. दादा पटकन पुढे झाला, तिला नीट ऐकू आलं नाही म्हणाला. साहेबांनी त्याला हाताने मागे थांबवलं आणि पुन्हा विचारलं, या वेळी सावकाश. ताईने पदर नीट केला, हात मांडीवर ठेवले.

"ऐकू आला, सायेब. राजीखुशी नाय."

साहेब वैतागले. बाहेर रांग होती, दुपार होत आली होती. त्यांनी कागद परत दादाच्या बाजूला सरकवले आणि ताईला म्हणाले, "बाई, मग इथपर्यंत आलात कशाला? घरीच सांगायचं होतं ना."

"घरी कोनी विचारलाच नाय," ताई म्हणाली. "तुमीच पयले विचारला."