भावाच्या डोक्यावरचा चुंबक

दिनांक ६ जानेवारी २०२५, सोमवार, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. जळगावच्या रुग्णालयात मी आणि माझा धाकटा भाऊ शेजारच्या खुर्च्यांवर बसलो होतो. दोघांच्या डोक्यावर कापडी टोपी. टोपीच्या डाव्या खिशात कुंकवाच्या डबीएवढा गोल, जड धातूचा तुकडा. वीज नाही, तार नाही, आवाज नाही.

उजव्या हाताचा कंप आम्हा दोघांना वडिलांकडून आला. शक्तिशाली चुंबक डोक्यावर नुसता ठेवल्याने मेंदूचा तेवढा भाग शांत होतो का, हे डॉक्टर तपासत होते. काहींना चुंबक, काहींना तसेच दिसणारे साधे पोलाद. कोणाला काय, हे आम्हाला ठाऊक नव्हते आणि टोपी बांधणाऱ्या परिचारिकेलाही नव्हते.

उपचार सुरू झाल्यापासून काही आठवड्यांतच भावाचा हात स्थिर झाला होता. चहाची बशी तो न सांडता तोंडाशी नेऊ लागला होता. माझा हात होता तसाच होता.

मला ते सहन होत नव्हते. असोद्याच्या आमच्या शेतात दर हिवाळ्यात भरीत होते. लाकडी बडगीत वांगी कुटून झाली की त्यांवर कढत तेलाची फोडणी ओतण्याचा मान घरातल्या थोरल्याचा. वडिलांनंतर तो माझा होता. गेल्या वर्षी माझ्या हातून तेल सुनेच्या पायाजवळ सांडले. यंदाचे भरीत त्याच संध्याकाळी होते आणि फोडणी धाकटा ओतणार होता. त्याला चुंबक मिळाला, मला पोलाद, अशी मी मनाची समजूत घातली होती.

धुळ्यात मी आयुष्यभर विहिरींवरच्या मोटारींचे वाइंडिंग केले. चुंबक ओळखायला मला डॉक्टर लागत नाही. धातूची वस्तू आत नेण्यास मनाई होती. मी सदऱ्याच्या शिवणीत सुई खोचून नेली. परिचारिका बाहेर गेली. भावाचा डोळा लागला होता. सुई त्याच्या टोपीला लावली. ती तिथे धरली गेली नाही. पुन्हा लावली, तरी नाही. मग माझ्या टोपीजवळ नेली, तर चिमटीतून निसटून चिकटली. ओढून काढावी लागली.

समजूत घालण्याजोगे आता काही उरले नाही. हेवा मात्र वाढला.

संध्याकाळी तुराट्यांच्या जाळावर वांगी भाजली, कुटली. तेल तापले. सगळे बडगीभोवती जमले.

"भाऊ, तुमाले खोटा भेटला वाटते," धाकटा म्हणाला.

"असेल."

"माया चुंबक घ्या बदलून. डॉक्टरले सांगतो मी."

"राहू दे. तुझ्या डोक्याला कशाचाही गुण येतो."

सून हसली. तोही हसला आणि त्याने कढई चिमट्याने उचलली.

तुझ्या टोपीत नुसते पोलाद आहे, एवढे एक वाक्य पुरले असते. ते ऐकून त्याचा हात हलला असता, आणि मला तेच पाहायचे होते. मी नातवंडांना मागे सारले. मग माझे लक्ष त्याच्या अनवाणी पायांकडे गेले.

"ओत," मी म्हणालो.

त्याने ओतले. थेंब बाहेर पडला नाही. भरीत उत्तम झाले होते. मी तसे बोललो नाही.

जेवणे आटोपल्यावर मी बडगी हौदापाशी नेली, घासून धुतली आणि निथळण्यासाठी भिंतीला उपडी टेकवून ठेवली.