कंदील छापाचा सहावा पाना

उदगीरला आमचं भांड्यांचं दुकान आहे. लग्नसराईत नावं घालून घ्यायला गिऱ्हाईक बाकावर बसून राहतं आणि आमचे हे चष्मा नाकावर ओढून पातेल्याच्या काठावर अक्षरं काढत असतात. कुणाच्या मामाकडून, कुणाच्या आत्याकडून, कुणाच्या स्मरणार्थ. अक्षर सुरेख. पण ह्या माणसाला भांड्यांची माया नाही. माया सगळी लोखंडाची, आणि त्यातही अमेरिकेत घडलेल्या जुन्या पान्यांची. नट आवळायचे, ढिले करायचे, ते पाने. गावात ह्यांना मल्लिनाथअप्पा म्हणतात आणि पाठ वळली की पानेअप्पा.

सुरुवात मोडीनं झाली. जुनं तांबं-पितळ मोडीत देऊन नवं भांडं न्यायची आपल्याकडे रीत आहे. चाकूरकडच्या एका शेतकऱ्यानं पोतं ओतलं, त्यात घागरी-तांब्यांबरोबर एक काळा जड पाना पडला. लोखंडाची मोड आम्ही घेत नाही. ह्यांनी तरी तो बाजूला काढला, रॉकेलच्या चिंधीनं पुसला, आणि मला स्वयंपाकघरातून बोलावलं. दांडीवर इंग्रजी अक्षरं होती, मेड इन यू.एस.ए. आणि कारखान्याचं नाव. वरून कोरलेली नव्हेत, लोखंडातूनच वर आलेली.

"बघितलंस का," हे म्हणाले. "आपण भांड्यावर घेणाऱ्याचं नाव घालतो. ह्यांनी घडवणाऱ्याचं घातलंय."

मी म्हटलं, "बरं. कुकर उतरवायचाय."

त्या दिवसापासून लातूरचा भंगारबाजार, नांदेडची जुनी मोटार-गॅरेजं, बंद पडलेल्या तेलगिरण्यांची गोदामं, असं हिंडणं सुरू झालं. हे पाने इकडे आले कसे ते कुणी नीट सांगत नाही. कुणी म्हणतं लढाईनंतर लष्कराचा माल लिलावात निघाला, कुणी म्हणतं इंजिनाबरोबर पेटीत आले. ह्यांना त्याचं काही नसतं. आणायचा, रॉकेलात भिजत घालायचा, चिंधीनं गंज काढायचा. तारेचा ब्रश लावायचा नाही, अक्षरं झिजतात. मग तेलाचा हात फिरवून माडीवरच्या फळीला टांगायचा. आता तिथं पाने आहेत, पकडी आहेत, हातोड्या आहेत. आणि आमच्या मोरीतला नळ गळतो. शेजारी गॅरेज चालवणारा चंद्रप्पा येता-जाता विचारतो, "अप्पा, एवढे पाने घरात, आन् नळ दुरुस्त कराया मलाच बोलावून राहिले?"

"ते कामाचे पाने न्हाईत," हे सांगतात.

"मग कशाचे हायत?"

हे तेलाची चिंधी घेऊन माडीवर जातात.

सांजवात झाली की वहीत चार ओळी लिहायची माझी सवय आहे. अभिषेक किती झाला, जप किती झाला, कोण आलं-गेलं. त्या वहीत अलीकडे कंदील छापाचं नाव वरचेवर यायला लागलं होतं. एकाच अमेरिकन कारखान्याचा सहा पान्यांचा संच, प्रत्येकाच्या दांडीवर छोट्या कंदिलाची खूण. पाच ह्यांना मिळाले होते. एक उमरीच्या भंगारवाल्याकडे, दोन लातुरात, बाकीचे कुठून कुठून. सहावा सगळ्यांत मोठा, बारा सुती. आठ सुतांचा एक इंच होतो, म्हणजे दीड इंची नट धरणारा. तो कुठंच नव्हता. मिळाल्याशिवाय थांबायचं नाही असं ह्यांनी मनाशी घेतलं होतं. घेतलं की घेतलं, ही ह्यांची जातच तशी.

गेल्याच्या गेल्या खंडेनवमीला माझी भाची उज्ज्वला, जी अर्धापूरला दिली आहे, तिनं फोनवर स्टेटस ठेवलं. शेजारच्या केवळाबाईंच्या घरची हत्यारांची पूजा. इळे, खुरपी, केळीचे घड उतरवायचा कोयता, झेंडूची फुलं. आणि सगळ्यांच्या मधोमध पाटावर, देवांच्या टाकांच्या शेजारी, हळद-कुंकवानं माखलेला एक भला मोठा पाना. ह्यांनी फोटो बोटांनी मोठा केला, अजून मोठा केला. दांडीवर कुंकवाखालून कंदिलाची कड दिसत होती.

"नवरात्रातल्या पंचमीलाच निघालो असतो तर पूजेला तिथं असतो," हे म्हणाले.

"पंचमीला फोटो कुठं होता?"

दसरा उलटला तशी आम्ही दोघांनी नांदेडला उतरून अर्धापूरची गाडी धरली. मला नेलं कारण परक्या पुरुषाला कुणी देवघरापर्यंत जाऊ देत नाही.

केवळाबाई म्हणजे साठीच्या पुढची, सडसडीत, नवरा गेल्यावर केळीची बाग एकटीनं सांभाळलेली बाई. ह्यांनी भाव विचारला. त्यांनी चहाची कपबशी पुढं सरकवली आणि म्हणाल्या, "शेठ, देव इकतेत का कुठं?"

मग सांगितलं. त्यांच्या सासऱ्यानं विहिरीवर इंजिन बसवलं तेव्हाचा तो पाना. त्या इंजिनानं पहिल्यांदा बागेला पाणी गेलं. पुढं वीज आली, इंजिन मोडीत गेलं, पण सासूबाईंनी पाना काढून ठेवला. म्हणाल्या, ह्यानं पाणी दिलं. आणि टाकांशेजारी नेऊन बसवला. तेव्हापासून त्याला रोज आंघोळ, सणाला दूध.

हे बाहेर येऊन म्हणाले, "न्हाई म्हणल्या. पण रागावल्या न्हाईत."

दुसऱ्यांदा गेले तेव्हा दुकानातली चांगली समई घेऊन गेले. केवळाबाई म्हणाल्या, "दिवा हाय माझ्याकडं. उजेडही पुरतो." समई परत आली. तिसऱ्यांदा नुसतेच गेले, बागेत हिंडले, केळीचा फणा घेऊन आले. चौथ्यांदा मी म्हटलं, "अहो, माणसानं किती मागं लागावं. एवढ्यात कुणी महादेवाला प्रसन्न केलं असतं."

"तो लवकर होतोय प्रसन्न," हे म्हणाले. "ह्या बाईचं तसं न्हाई. चल."

त्या दिवशी मात्र केवळाबाईंनीच वाट काढली. म्हणाल्या, "मी देणारी कोण? त्यालाच इचारू. कौल लावू."

आम्ही लिंगायत. गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करायची, कौल लावायची रीत आमच्यात नाही. पण देवाच्या दारात आलो होतो. मी पदर सावरून बसले. केवळाबाईंनी ज्वारीचे दोन दाणे ओले केले, एक पान्याच्या उजव्या अंगाला चिकटवला, एक डाव्या. उजवा आधी पडला तर हाव, डावा पडला तर न्हाई. मोठ्यानं म्हणाल्या, "उदगीरला जायाचं का, बाबा?"

दाणे हलेनात. वर्षानुवर्षांच्या हळद-कुंकवाचा थर तो, त्यात ओला दाणा रुतून बसला. कौल पडल्याशिवाय उठायचं नाही, पंखा लावायचा नाही, जेवायचं नाही. ह्यांनी मांडी बदलली. पुन्हा बदलली, गुडघा दाबला. केवळाबाई म्हणाल्या, "अप्पा, हातानं कितीही दाबा, गुडघा गुडघाच हाय. भिंतीला टेका."

टेकल्यावर ह्यांची नजर आणखी जवळ गेली आणि चेहरा बदलला. म्हणाले, "केवळाबाई, राग मानू नका. ह्याला गंज खाऊन राहिलाय."

"देवाला गंज?"

"हे बघा. कंदील अर्धा गेलाय. नावातली दोन अक्षरं गेली. लोखंड हाय. रोज पाणी, वरून दूध, वरून कुंकू. आतून पापुद्रे सुटलेत. असंच चाललं तर तुमच्या नातवाच्या हाती नुसती पूड लागंल."

केवळाबाई ताठ झाल्या. "तुमाला पान्याचा लोभ हाय म्हनून असं बोलताय."

"लोभ हाय," हे म्हणाले. "पण गंजही हाय."

मी रोज सकाळी लिंगावर पाणी घालते. ते पाण्यानं विरघळत नाही. इथं एक बाई तितक्याच मनोभावे पाणी घालत होती आणि देव बोटाबोटानं झिजत होता. त्यांना दोष कसा द्यावा, मला सुचेना.

तेवढ्यात डावा दाणा पडला. पाटावर टप असा बारीक आवाज झाला. मग केवळाबाई ह्यांच्याकडे बघून, हसू न दाबता, पण आवाज मऊ करून म्हणाल्या, "न्हाई म्हनला."

"ऐकलं," हे म्हणाले. उठले मात्र नाहीत. "नको तर नको. पण एक मागतो. ह्याला आंघोळ बंद करा."

"बिनआंघोळीचा देव ठेवू? सासूबाई वरनं काय म्हनतील?"

"मग काय करायचं ते तुम्हीच सांगा. मला देवाचं कळत न्हाई, लोखंडाचं कळतं."

केवळाबाईंनी पान्याकडे बघितलं. उजवा दाणा अजून चिकटलेलाच होता. मग स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "वेशीतल्या मारुतीला कोन दूध घालतंय? तेलच वाहत्यात. शनिवारी शनीला बी तेलच." ह्यांच्याकडे वळल्या. "तेल चालंल का ह्याला?"

"ह्याला तेलच पाहिजे," हे म्हणाले, आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं लग्नात अंतरपाट बाजूला झाला तेव्हा बघितलं होतं.

पण आधीचा गंज काढायला हवा होता. त्यासाठी ह्यांनी पान्याला हात लावावा की नाही, यावर अर्धा तास गेला. शेवटी ठरलं: हात धुऊन, सोवळ्यानं, देवघरातच बसून. रॉकेलचा वास देवघरात नको म्हणून ह्यांनी पुढच्या खेपेला करडीचं तेल नेलं. खोबरेल नको, ते थंडीत गोठतं म्हणाले. दर महिन्याला जात राहिले. मी विचारलं, "कौल तर पडला, आता कशाला?" तर म्हणाले, "पान्यानं न्हाई म्हणलं. गंजानं अजून न्हाई म्हणलेलं न्हाई." दुकानावर मला बसवायचे आणि स्वतः अर्धापूरच्या गाडीत. चंद्रप्पा म्हणायचा, "अप्पा, दुसऱ्याचा पाना पुसायला एवढ्या लांब? माझ्याकडं या, सगळे पुसून घेतो."

कुंकवाचा थर गेला, गंजाचे पापुद्रे गेले. गेलेली अक्षरं परत येत नाहीत, पण कंदिलाचा वरचा भाग, त्याची कडी, आणि खाली यू.एस.ए. एवढं स्पष्ट उमटलं. केवळाबाईंनी त्यावर बोट फिरवलं. लग्न होऊन घरात आल्यापासून पाना पाहत होत्या, त्यावर कंदील आहे हे त्यांनी पहिल्यांदा बघितलं.

"बाकीच्यांवर बी हाच हाय?" त्यांनी विचारलं. ह्यांनी फोनवर पाचही दाखवले. एकेक करून, मोठे करून. त्यांनी नीट बघितले आणि फोन परत दिला.

यंदा चैत्रात, दुपारी दुकान बंद करायच्या वेळेला, केवळाबाई आमच्या दारात उभ्या. खांद्याला पिशवी, हातात खणात गुंडाळलेलं काहीतरी, लेकरू धरावं तसं छातीशी धरलेलं. नांदेडहून एसटीत सगळा वेळ मांडीवरच ठेवलं होतं. कंडक्टरनं वर ठेवा म्हटलं तर ऐकलं नाही.

मी पाय धुवायला पाणी दिलं. त्या म्हणाल्या, "द्यायला न्हाई आनला. भेटीला आनलाय. देव भेटीला जात्यात की न्हाई? सहा भाऊ म्हनं एका घरचे, आन् एकमेकाला बघितलं न्हाई."

हे पुढं होऊन माडीकडं निघाले. पायऱ्या चढताना दोनदा ठेचकाळले. माडीवर केवळाबाईंनी स्वतःच्या हातानं तो पाना फळीवर टांगला. सगळ्यांत टोकाला, मोठ्याच्या जागी. मी गुलाल-विभूती लावली नाही. करडीच्या तेलाचा थेंब लावला आणि साही जणांना ओवाळलं. खिडकीतून ऊन येत होतं, सहा कंदील एका रांगेत होते. हे समोर खुर्ची घेऊन बसले ते जेवायलाही उठेनात. ताट वर न्यावं लागलं.

रात्रभर देव राहिला. केवळाबाईही राहिल्या, माझ्याजवळ झोपल्या, भाचीच्या सासूबद्दल बरंच काही सांगितलं, ते मी वहीत लिहिलेलं नाही.

सकाळी ह्यांनी पाना काढला, पुसला, खणात गुंडाळून त्यांच्या हाती दिला. मला वाटलं होतं हे शेवटचं एकदा मागतील. मागितला नाही. स्टँडवर सोडायला गेलो. केवळाबाई खिडकीजवळ बसल्या, मांडीवर पाना ठेवला आणि डोकं बाहेर काढून म्हणाल्या, "अप्पा, एक सांगू? मोठा माझ्याकडं हाय. लहान भावानं मोठ्याकडं जायाचं असतं. तुमचे पाच माझ्याकडं का येत न्हाईत कायमचे?"

गाडी चालू झाली. हे तिच्यामागं चार पावलं चालले, आणि गाडी वळली तेव्हा म्हणाले, "कौल लावावा लागंल." ते त्यांना ऐकू गेलं नसणार.

स्टँडवरून आम्ही परत आलो. दुकानाचं शटर वर करताना हे एकदम म्हणाले, "वस्ताद बाई हाय. पण मी देणार न्हाई."

मी म्हटलं, "त्याही हेच म्हणत होत्या."

"म्हणू दे," हे म्हणाले. चष्मा लावला, आणि कालपासून नाव घालायचं राहिलेलं पातेलं पुढ्यात ओढलं. "दसऱ्याला जाऊ. तेल घेऊन ठेव."