ओझं टेकवायची जागा

साकीनाक्याच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात बुकिंग घेणाऱ्या गृहस्थांना मी काका म्हणतो. नाव कधी विचारलंच नाही. बोलताना ते पेन्सिलीने टेबलावर टकटक करतात आणि प्रत्येक गोष्ट "बरोबर ना?" वर संपवतात. दाराशी त्यांनी लाकडी खोकी खांद्याएवढी रचून ठेवलीयत. मला तो पसाराच वाटायचा.

मी एका काल्पनिक जगातल्या व्यापाराचा इतिहास लिहितोय. राजांचा नाही, कष्टकऱ्यांचा, असं सगळ्यांना ठणकावून सांगत असतो. पुस्तक प्रकाशकाकडे जायच्या दिवशी काकांना मिठाच्या वाटेचा नकाशा दाखवला. बंदरं, जकातनाके, घाट, सगळं होतं.

"झकास रे लेखका! आणि घाटातून मीठ नेतं कोण?"

"माणसं. डोक्यावरून."

"मग वाटेत ओझं टेकवतात कुठे? जमिनीवर ठेवलं तर परत चढवायला तुझा राजा येणार?"

तेवढ्यात घामाघूम हमाल आत आला. न वाकता त्याने डोक्यावरची पेटी त्या खोक्यांवर सरकवली, पाणी प्यायला, पुन्हा तिच्याखाली डोकं घातलं आणि एकटाच निघून गेला.

"नकाशा चांगलाय," काका म्हणाले. "फक्त माणसं मरतील, बरोबर ना?"

मी तिथूनच प्रकाशकाला कळवलं, पुस्तकाला उशीर होईल. मग काकांचीच पेन्सिल घेऊन घाटात एक चौथरा काढला.

काकांनी वाकून पाहिलं. "एकाने काय होतंय? चढ बघ ना केवढा काढलायस."