सातवी ओळ पिवळी

"ही पिवळी कोण शे?"

धुळ्यातल्या एका शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांनी विचारलं. त्यांना सगळे नाना म्हणतात. त्यांच्या केबिनमध्ये भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर माझं काम दिसत होतं. मुलींच्या वसतिगृहाची वेबसाइट. पडद्यावर अकरा नावांची यादी. दहा ओळी पांढऱ्या. सातवी पिवळी.

सातवी ओळ माझी होती.

वसतिगृहाच्या रेक्टर, अक्का, चष्मा सावरून वाचू लागल्या. नाव, गाव, जात. सगळं मोठ्यानं. मग म्हणाल्या, "हिला मागच्या खोलीत टाकू. संडासाजवळच्या. तिथे एक खाट रिकामी शे."

नाना हसले. "पाहा, किती सोपं झालं! आधी एकेक फॉर्म उलटून पाहावा लागायचा."

मी त्यांच्यापासून चार हातांवर बसले होते. माउस माझ्या हातात होता.

जळगावच्या ज्या छोट्या ऑफिसात मी वेबसाइट बनवते, त्याचे मालक शेजारी बसले होते. आम्ही त्यांना सर म्हणतो. ते घाईनं म्हणाले, "टेस्टिंगची एन्ट्री आहे नाना. खरं कोणी नाही."

खरं कोणी नाही.

आमच्या ऑफिसची एक पद्धत आहे. चाचणीसाठी अबक असलं काही भरायचं नाही. खरी माहिती भरायची. लांब नाव चौकटीत बसतं का, गावाचं नाव मध्येच तुटतं का, ते त्यातून कळतं. सगळे आपापली भरतात. मीही भरली. माझं नाव, आईचं नाव, एरंडोलजवळचं गाव, जात. ऑफिसात ती ओळ पहिल्यांदा पिवळी झाली तेव्हा मला आनंद झाला होता. कोड चालला म्हणून.

तो पिवळा मीच निवडला. जातीचा दाखला जोडणाऱ्या मुलींच्या ओळी वेगळ्या रंगात हव्यात, अशी संस्थेची मागणी होती. शिष्यवृत्तीला सोयीचं पडेल म्हणाले. शिष्यवृत्तीचं काम लेखनिकाचं. मग रंग खोलीवाटपाच्या यादीत कशाला? हे मी विचारलं नाही. छटा शोधत बसले. लाल भडक वाटला. हिरव्यावर अक्षरं वाचता येईनात. दोन दिवस घालवले आणि अक्कांच्या डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून फिका पिवळा घेतला.

एवढी काळजी.

नानांच्या जरा उशिरानं लक्षात आलं. "तुझं नाव शे का हे? अरे बेटा, मनाला लावून घेऊ नको. आम्ही काही मानत नाही. पण मायबापांचे फोन येतात, आमच्या पोरीच्या खोलीत कोण आहे म्हणून. त्यांनाही सांभाळावं लागतं. चहा घे."

मी चहा घेतला. तेही सांगते. घेतला.

गावातल्या शाळेत आमची नावं हजेरीत लाल शाईनं लिहिलेली असत. तपासणीला साहेब आले की गुरुजी म्हणत, "लाल शाईवाले, उभे राहा." आम्ही पाच जण उभे राहायचो. साहेब बघायचे. "बसा," म्हणायचे. एवढंच. मारलं नाही, शिवी दिली नाही. मी तेव्हा ठरवलं होतं, इतकं शिकायचं की परत कोणी उभं करणार नाही. शिकले. आणि ती शाईची दौत माझ्याच टेबलावर आली.

परतताना सर गाडी चालवत होते. पारोळं आलं. मग सर म्हणाले, "तू स्वतःचं नाव कशाला टाकलंस? दुसऱ्या कोणाचं टाकायचं ना."

"कोणाचं, सर?"

त्यांनी पुढचा ट्रक ओलांडला. मग म्हणाले, "रंग बदलू. राखाडी करू, एकदम फिका. कोणाला कळणारही नाही."

"अक्कांना कळेल?"

"त्यांना तर कळायलाच पाहिजे."

बोलून गेले आणि आरसा नीट करू लागले. माणूस वाईट नाही. आईच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांनी स्वतःची गाडी पाठवली होती. म्हणून हे लिहायला जड जातं.

सोमवारी मी खोलीवाटपाच्या यादीतून रंग काढला. जातीचा रकानाही काढला. दाखला फक्त लेखनिकाला दिसेल, खोली अर्ज येईल त्या क्रमानं मिळेल. काय केलं ते सरांना लेखी कळवलं.

ते टेबलाशी आले. "परत लाव."

"नाही लावणार."

"दुसऱ्याला सांगतो मग. दहा मिनिटांचं काम आहे."

"हो. दहाच मिनिटांचं आहे."

शेजारच्या टेबलावर ते झालं. ज्यानं केलं तो त्या दिवशी माझ्याबरोबर जेवायला आला नाही.

आता अर्ज सुरू झालेत. शिरपूरच्या वरच्या पाड्यांवरच्या मुली मोबाइलवर फॉर्म भरत असतील. दाखल्याचा फोटो पुन्हा पुन्हा काढत असतील, कारण तो अंधुक येतो. आपली ओळ त्यांना कधीच दिसणार नाही. मागची खोली तेवढी दिसेल.

सरांनी माझी टेस्टिंगची एन्ट्री पुसायला सांगितली. पुसण्याआधी मी ते पान छापून घेतलं. इतरांची नावं काळ्या पेनानं झाकली. धुळ्याच्या समाजकल्याण कार्यालयाला तक्रारीचा अर्ज लिहिला. पुराव्यासाठी कोणत्याही मुलीचं नाव द्यायची गरज नाही. माझं आहे. रंग कोणी मागितला ते लिहिलं. कोणी बनवला तेही लिहिलं, आणि खाली सही केली. एक प्रत सरांच्या टेबलावर ठेवली.

नोकरी राहील असं वाटत नाही. फार थकले आहे. कार्यालयात आज या, उद्या या, असं करतील. जाईन. धुळ्याच्या बस दिवसभर असतात.

तिथेही कोणीतरी कागद हातात घेऊन विचारेल, ही पिवळी कोण?

मी, म्हणेन. आणि रंगही मीच दिलाय. बसून घ्या, सगळं सांगते.