मुकी दिवाळी

गाईची शेपटी पाहून मला आधी हसूच आलं. परसातल्या हातपंपाच्या दांड्यासारखी ती मागे ताठ निघाली होती. मग गाय वळायला गेली आणि तिला वळता येईना. चारही पाय लाकडाचे असल्यासारखी ती जागच्या जागी सरकली. कान ताठ, डोळ्यांवर आतून पांढरट पडदा ओढलेला, तोंडातून लाळ. पालकारम्मानं पुढे धरलेली गवताची काडी तिच्या दातांत जाईना.

पालकारम्मा म्हणजे आमची दूधवाली. वेस्ट मांबलममधल्या आमच्या गल्लीच्या टोकाला, रेल्वेच्या कुंपणाला लागून, तिची झावळ्यांची झोपडी होती आणि शेजारच्या छपरात ही एकच गाय. रोज सकाळी ती गाय घेऊन दारोदार यायची आणि ज्याच्या त्याच्या डोळ्यांदेखत दूध काढून द्यायची. विधवा बाई, मूलबाळ नाही. गाय गेली तर तिनं काय खायचं, हे गल्लीत कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

मी सांगलीची, लग्न होऊन मद्रासच्या या तंजावरी मराठी घरात पडले. सासूबाईंना सगळं येत होतं. बाळंतपणं, पंचांग, लोणची, गुरांची दुखणी. एकच शब्द येत नव्हता, ‘चुकलं’.

दसऱ्याच्या सुमारास ही गाय अडली होती. वासराचा एक पाय आत दुमडला होता. पालकारम्मा रडत दारात आली तशा सासूबाई पदर खोचून गेल्या, कोपरापर्यंत हात घालून त्यांनी पाय सरळ केला आणि वासरू जिवंत बाहेर काढलं. मी बादली धरून उभी होते आणि मला त्यांचा अभिमान वाटला, हे कबूल करते. पण मागून पडायची ती वार काही पडेना. तिकडची रीत अशी की वार गवतात गुंडाळून वडाला टांगायची, म्हणजे गाईला भरपूर दूध येतं, आणि तेही दिवस मावळायच्या आत. ऊन कललं तशी सासूबाईंची घाई वाढली. गोठ्याच्या चिखलात टेकलेला तोच हात त्यांनी पुन्हा आत घातला.

“आमच्याकडे तिची तिला पडू देतात,” मी म्हणाले.

“उगी राहा,” त्या म्हणाल्या, आणि वार तोडून ओढली.

आता दिवाळी उद्यावर आली होती आणि गुरांचे डॉक्टर छपरात उभे होते. त्यांनी नुसती टाळी वाजवली, तशी गाय अंगभर आखडली आणि तिची मान मागे ओढली गेली. “धनुर्वात,” ते म्हणाले. हे जंतू मातीत, शेणात असतात. खोल जखमेत, हवा पोचत नाही तिथं वाढतात आणि विष सोडतात. ती जागा सापडली तर धुता येईल, नाहीतर वरून टोचलेलं औषध किती पुरणार? त्यांनी चारही खूर तपासले. काही सापडलं नाही. मग त्यांनी विचारलं, “वार आपोआप पडली होती का? कुणी हात घातला होता?”

“आपोआप पडली, सामी,” पालकारम्मा म्हणाली. तिनं मान वर केली नाही.

माझ्या सासूच्या अब्रूसाठी ती बाई स्वतःची गाय मारायला निघाली होती. सासूबाई मूग गिळून उभ्या होत्या. माझं डोकं असं तापलं की मी आता बोलणार, मग घरात काय व्हायचं ते होवो. मी तोंड उघडलंच होतं.

“नाही,” सासूबाई म्हणाल्या. “मी ओढली. ह्याच हातानं.”

डॉक्टरांनी लगेच बाह्या वर केल्या. गरम पाणी मागितलं. आतून सडलेला तुकडा निघाला, तेव्हा वासानं मी बाहेर पळाले. धुऊन, सुया टोचून झाल्यावर ते म्हणाले, “आता अंधार आणि शांतता. आवाज झाला की झटका येईल, आणि झटक्यात छाती आखडली की संपलं.” मग उद्या काय आहे ते त्यांना आठवलं असावं. त्यांनी गल्लीकडे पाहिलं.

आमच्या समोरच्या घरात लेकीची पहिली दिवाळी होती. आपल्याकडच्या दिवाळसणासारखीच. जावई फटाक्यांची टोपली घेऊन आला होता आणि पहाटे पहिली माळ त्यानंच लावायची होती. लेकीच्या आईशी, सगळ्या गल्लीच्या मामींशी, सासूबाईंचं नळाच्या पाण्यावरून वर्षानुवर्षं बोलणं बंद. म्हणून आधी मी गेले. माझ्या मोडक्या तमिळमध्ये ती विनवणी कमी आणि भांडण जास्त झालं. मामी म्हणाल्या, “एका गाईसाठी माझ्या लेकीचा सण मुका करू?” खरं सांगते, त्यांच्या जागी मीही हेच म्हणाले असते.

संध्याकाळी सासूबाई स्वतः निघाल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मला ऊठसूट शिकवणाऱ्या बाईनं त्या दिवशी ती मूठ गल्लीभर उघडली. प्रत्येक दारात, उंबऱ्याबाहेर उभं राहून, तेच शब्द. “गाईला रोग माझ्या हातानं लागला. उद्या आवाज झाला तर ती जाईल. पाप माझंच, पण फटाका तुमचा असेल.” सगळ्यात शेवटी समोरचं दार. मामींनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं.

पहाटे आम्ही छपरात होतो. दाराला गोणपाट बांधलेलं. लांबच्या रस्त्यांवर माळा सुटल्या होत्या आणि प्रत्येक आवाजाला गाईची कातडी थरथरत होती. पालकारम्मा तिच्या कानांवर तळवे दाबून उभी होती. मी गोणपाट सारून पाहिलं तर समोरचं दार उघडलं. जावई बाहेर आला. अंगावर कोरी वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, हातात टोपली आणि पेटलेली उदबत्ती. मला त्या क्षणी त्याचा जो राग आला, तसा कधी कुणाचाच आला नसेल.

त्यानं छपराकडे पाहिलं. मग उदबत्तीला हाताचा आडोसा धरून तो उलट्या दिशेला, मोठ्या रस्त्यापलीकडच्या मैदानाकडे चालू लागला. मागे नवी नवरी, तिच्यामागे गल्लीतली सगळी पोरं, अनवाणी. एरवी ओरडून विचारायचं ते “गंगास्नानम् आच्चा?” म्हणजे अभ्यंगस्नान झालं का, हे बायका दारादारांतून कुजबुजत विचारत होत्या. सासूबाई गोणपाटामागे उभ्या राहून रडल्या. त्यांना रडताना मी प्रथमच पाहिलं.

गाय जगली. तिचा जबडा पुरता सुटून ती रवंथ करायला लागेपर्यंत बरेच आठवडे गेले. सासूबाईंनी मात्र त्यानंतर कुणाच्या गाईला हात लावला नाही.

पुढच्या वेताला ती गाय पुन्हा अडली. पालकारम्मा धावत आली. डॉक्टर गावाला गेले होते.

“माझा हात नको,” सासूबाई म्हणाल्या.

“अम्मा, मागचं वासरू कुठल्या हातानं काढलंत?” पालकारम्मानं विचारलं.

सासूबाईंनी आपल्या हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळल्या. “पाणी उकळत ठेव, साबण घे. आणि वारेला मी हात घालायला गेले तर अडव मला. आज मी ‘उगी राहा’ म्हणाले, तरी राहू नकोस.”