घोटीहून आलेला फोन

हे मी अजून कुणाजवळ बोललेले नाही. आईजवळ नाही, मैत्रिणीजवळ नाही. डायरीत तर मुद्दामच नाही, कारण डायरी घरात कुणीही उघडू शकतं. आज लिहायला बसले आहे, पण एकदम तिथवर जाता येईल असं वाटत नाही. थोडं आजूबाजूने यावं लागेल.

माझे पप्पा ट्रक चालवायचे. स्वतःचा, जुना ट्रक. लासलगावला कांदा भरायचा आणि कसारा घाट उतरून वाशीला पोचवायचा — वर्षानुवर्षं हेच. मला त्यांनी नाशिकमध्ये इंग्लिश मीडियमला घातलं. मी शाळेत कमी बोलले, घरी त्याहून कमी. पाहुणे आले की मी आत जायचे. पप्पांना माझं इंग्रजी चारचौघांत ऐकायचं होतं आणि मी ते कधी ऐकवलंच नाही. अशा मुलीचा बाप किती वाट बघत असेल, तुम्हाला कल्पना आहे?

दोन वर्षांपूर्वी आडगाव नाक्याजवळ, दगूनानांच्या गॅरेजमध्ये, ती वेळ आली.

ट्रकचा तिसरा गिअर चालता चालता सुटायचा — खटकन, आपोआप न्यूट्रल. वर डॅशबोर्डवर इंजिनची पिवळी लाईट लागून राहिलेली. दगूनाना वीस वर्षांपासून पप्पांचे मिस्तरी. त्यांनी लाईटकडे पाहिलंसुद्धा नाही. इंजिन चालू ठेवायला सांगून ते गाडीखाली शिरले, लांब पान्याचं एक टोक गिअरबॉक्सला टेकवलं, दुसरं कानाला, आणि बराच वेळ नुसते ऐकत राहिले. बाहेर येऊन म्हणाले, "गिअरबॉक्स उतरवावा लागंल. आतून आवाज येतोय. दोन दिस ठेव हितं."

दुसऱ्या दिवशी सकाळी माल भरायचा होता. पप्पांनी सीटखालून नवाकोरा स्कॅनर काढला — तळहातावर मावणारा, गाडीला जोडला की बिघाड स्क्रीनवर लिहून दाखवणारा. इंग्रजीत. आणि मला फोन करून बोलावून घेतलं.

सात-आठ ड्रायव्हर गोळा झाले होते. "वाच, तायडे," पप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा — तो नाही लिहिता येणार मला. स्क्रीनवर दोन ओळी होत्या. पहिली कळली : वेग मोजणाऱ्या सेन्सरचा सिग्नल मधेमधे तुटतो आहे. दुसरी गिअरबद्दल होती. तिच्यातला शब्दन् शब्द मला वाचता येत होता आणि अर्थ लागत नव्हता. इतकी वर्षं शिकून "कळलं नाही" म्हणायचं? तिथे?

मी पहिली ओळ मराठीत सांगितली. दुसरी गिळली. मग स्क्रीनवर प्रश्न आला, नोंद पुसायची का. मी 'हो' दाबलं. लाईट विझली.

एकच गलका झाला. "नाना, तुमचा जलम गेला ग्रीसमधी, अन् पोरीनं एका बोटात गाडी बरी केली!" कुणीतरी ओरडलं. पप्पा हसत होते. नाना हसले नाहीत. "लाईट गेली म्हंजी दुखणं गेलं का?" त्यांनी विचारलं — पप्पांना नाही, मला. "दोन वळी व्हत्या ना गं? दुसरी काय म्हनत व्हती?"

नानांना वाचता येत नव्हतं. मोजता येत होतं.

"तेच परत लिहिलं होतं, नाना. सेन्सरच आहे. गिअरबॉक्सचं काही नाही."

इथवरचं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. गांगरले, एवढी माणसं होती, बोलून गेले. इथवरचं कदाचित तुम्हालाही सांगितलं असतं कधीतरी. पण पुढे आहे — आणि पुढचंच सांगायचं आहे.

त्या संध्याकाळी मी ती दुसरी ओळ आठवून मोबाइलवर शोधली. टाकलेल्या गिअरचा आणि चाकांच्या वेगाचा मेळ बसत नाही, असा तिचा अर्थ होता. म्हणजे गिअर धरत नव्हता. म्हणजे नाना बरोबर होते. पप्पा शेजारच्या खोलीत आईला गॅरेजमधला प्रसंग सांगत होते, तिसऱ्यांदा. मी मोबाइल उलटा ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी घोटीहून पप्पांचा फोन आला. मी घरात एकटी होते. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं — हे मी मुद्दाम लिहिते आहे. "लाईट परत लागली गं," पप्पा म्हणाले. "अन् गिअर दोनदा सुटला. पुढं घाट आहे. गाडी बाजूला घेऊन नानाला बोलवू का?"

तेवढंच म्हणायचं होतं — हो, बोलवा. एक शब्द. पण नाना आले असते, त्यांनी गिअरबॉक्स उघडला असता, आणि नाक्यावर सगळ्यांना कळलं असतं.

मी म्हणाले, "नानांना काय कळतं, पप्पा? ती सेन्सरचीच लाईट आहे. जा तुम्ही."

ते गेले. माझ्यावर विश्वास ठेवून गेले.

घाट उतरताना तिसरा गिअर सुटला. भरलेली गाडी नुसत्या ब्रेकवर आली, ब्रेक तापले, धरेनासे झाले. पप्पांनी ट्रक डोंगराला धडकवून थांबवला. दुसऱ्या कुणाला खरचटलंही नाही. पप्पांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

नाना दवाखान्यात एकदाच आले. पप्पांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पूर्वी एकदा गिअरबॉक्स उघडला होता तेव्हाच नानांनी त्याची वाट लावून ठेवली होती, असं पप्पा तोवर सगळ्यांना सांगू लागले होते. नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी औषधांच्या बाटल्या सारख्या करत राहिले. त्या दोन ओळींबद्दल ते कुणाजवळही काही बोलले नाहीत. ड्रायव्हर त्यांच्याकडे जायचे थांबले. चार महिन्यांनी गॅरेजला कुलूप लागलं. नाना येवल्याला लेकीकडे राहायला गेले.

पप्पा अजूनही तो दिवस सांगतात — भरलेली गाडी, तापलेले ब्रेक, डोंगर. त्यात घोटीचा फोन कधीच नसतो. विसरले असतील? की मला वाचवण्यासाठी नानांचा बळी देत असतील? मी विचारलेलं नाही. त्यांना सोपं जावं म्हणून नव्हे — मला उत्तर नको आहे म्हणून.

मागच्या रविवारी गल्लीतला एक ड्रायव्हर मोबाइलवर फोटो घेऊन आला. तशीच पिवळी लाईट. पप्पांनी खुर्चीतूनच हाक मारली, "तायडे, बघ गं काय म्हणते गाडी." मी म्हणाले, मला यातलं कळत नाही, मिस्तरीला दाखवा.

"लाजते ती," पप्पा हसून म्हणाले.

"मिस्तरी तरी कोण हाय आता नाक्यावर चांगला?" त्या माणसाने विचारलं.

पप्पांनी त्याचा मोबाइल परत दिला. नाव मला ठाऊक होतं. येवल्याची गल्लीसुद्धा ठाऊक होती.

मी आत गेले.