युगांडाचं आमंत्रण

हरणीच्या आमच्या सोसायटीतल्या शेजारच्या गुजराती काका-मासींना युगांडानं एकदा हाकलून दिलं होतं. आता, नव्वदच्या दशकात, तोच देश त्यांना व्यापारासाठी परत बोलावत होता. हाकलताना तीन महिन्यांची मुदत दिली होती. बोलावताना हॉटेलात जेवण ठेवलं होतं.

काकांचं तिथलं जप्त झालेलं कापडाचं दुकान परत मिळणार होतं, म्हणून ते हवेत होते. मासी नाही म्हणत होत्या, आणि त्यांच्याशिवाय काका जाणार नव्हते. मला मासी इथेच हव्या होत्या. मी नोकरीवर असताना माझी लेक त्यांच्याकडेच वाढत होती. तरी त्या जेवणाला दुभाषी म्हणून मलाच नेलं, कारण मी शाळेत इंग्रजी शिकवायचे. शिवाय आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सरकारी नोकरी. धंद्यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणजे ही नि:पक्षपाती, असा काकांचा हिशोब.

तिथून आलेल्या अधिकाऱ्याकडे प्रत्येक शंकेला उत्तर तयार होतं. परवाने एकाच कचेरीत मिळतील. नफा बाहेर नेता येईल. करात सवलत आहेच. एका गृहस्थांनी शुद्ध तुपाचं विचारलं, तेही त्यानं टिपून घेतलं. इथे नुसत्या फोनसाठी माणसं म्हातारी होत होती. मला हेवाच वाटला.

मग मासी उठल्या. "फरी काढी मूकशे, तो आ वखते केटला दिवस आपशे?"

पुन्हा हाकलाल तेव्हा किती दिवस द्याल, हे मी शब्दन्‌शब्द इंग्रजीत सांगितलं. वाटलं, आता संपलं सगळं.

अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. "कायद्यात हमी आहे," तो म्हणाला. "पण उद्याचं मी सांगू शकत नाही. तेव्हा मी शाळेत होतो. वर्गातली गुजराती मुलं गेली, आणि आम्ही कोणी काही बोललो नाही."

हेही मी मासींना सांगितलं, जरा जास्तच स्पष्ट.

परतताना रिक्षात काकांनी आशा सोडली होती. मांडवीच्या गर्दीत रिक्षा अडकली, तेव्हा मासी म्हणाल्या, "जइए आपणे युगांडा. आ माणस जूठुं नथी बोलतो."

काकांनी डोळे पुसले. मला त्या अधिकाऱ्याचा भयंकर राग आला. चारचौघांसारखं थोडं खोटं बोलला असता, तर मासी माझ्याजवळ राहिल्या असत्या.